ट्रिगर दाबतोय पण फवारा येत नाही: स्प्रे बाटलीचं रोजचं दुखणं

सांगली जिल्ह्यात आष्ट्याजवळ आमची रोपवाटिका आहे. उसाची रोपं, टोमॅटो, मिरची, कोबी, हंगामात झेंडू. शेडमध्ये पंधरा-सोळा स्प्रे बाटल्या रोज हातात असतात, त्याच त्या ट्रिगरवाल्या, सलूनमध्ये किंवा काचा पुसायला वापरतात तशा. कोवळ्या रोपाला झारीचं पाणी सोसत नाही, कोकोपीट उडतं आणि बी उघडं पडतं, म्हणून ट्रेवर फवारा मारायला या बाटल्या. आठवड्यातनं दोन-तीनदा तरी कुणी ना कुणी मावशी माझ्या टेबलावर बाटली आणून आपटतात. "दादा, ही निस्ती फुसफुस करती बगा. उडंनाच."

पहिली दोन-तीन वर्षं मी अशी बाटली सरळ भंगारात टाकायचो आणि नवी आणायचो. मग एका उन्हाळ्यात एकाच दिवशी पाच बंद पडल्या, त्या दिवशी बाजार बंद, आणि शेडमध्ये टोमॅटोची रोपं माना टाकायला लागलेली. बसलो एक खोलून. आत म्हणजे काय, घड्याळाचं मशीन नाही. एक दट्ट्या, एक स्प्रिंग, दोन झडपा, एक नळी, एक नोझल. त्या दिवशी पाचातल्या चार सुरू झाल्या, तेही एकही सुटा भाग विकत न आणता. तेव्हापासून हे खातं माझ्याकडेच आहे.

आधी हाताला काय कळतंय ते बघा

बाटली खोलायच्या आधी ट्रिगर चार वेळा सावकाश दाबा आणि बोटाला काय लागतंय तिकडं लक्ष द्या. निम्मं निदान तिथंच होतं.

- ट्रिगर हलका, पोकळ लागतो, आतून फुसफुस येते, थेंब नाही. पंपात पाण्याऐवजी हवा आहे.
- ट्रिगर कडक लागतो, दाबलाच जात नाही, किंवा जोर केला की नोझलच्या कडेनं पाणी झिरपतं. पुढची वाट बंद आहे.
- दाबला जातो पण परत येत नाही, आला तरी रेंगाळत येतो. स्प्रिंग गेली असेल, नाहीतर खालून पाणी वर यायची वाट चोंदली असेल.
- भरलेली बाटली झकास चालते, अर्धी झाली की थुंकायला लागते. नळी.
- पहिले वीस-पंचवीस दाब चालते, मग दम तोडते आणि बाटलीचे गाल आत बसतात. हवेचं भोक.
- फवाऱ्याऐवजी पिचकारी येते, किंवा फवारा एकाच अंगाला जातो. नोझल.
- बाटलीच्या तोंडावरच्या आट्याच्या टोपणाखालून मनगटावर ओघळ येतो. वायसर किंवा आटे.
- रात्रभर ठेवली की सकाळी पंधरा वेळा दाबल्याशिवाय येत नाही, एकदा आली की दिवसभर बरी चालते. आतली झडप नीट बसत नाही.

एकाच बाटलीत यातल्या दोन गोष्टी एकदम असू शकतात. विशेषतः नोझल चोंदलेलं असताना कुणी जोर करकरून दाबलेलं असेल तर वायसरही जागचा हललेला असतो.

हात लावायच्या आधी

आत काय होतं ते माहीत नसेल तर बाटली खोलू नका. माहीत असेल तर उरलेलं द्रावण ज्या पिकासाठी केलं होतं त्यावरच संपवा, मग साध्या पाण्यानं तीनदा खळखळून धुवा आणि ते धुणंही त्याच पिकावर टाका. पाटात, ओढ्यात, विहिरीच्या कडेला नको. हातात रबरी मोजे घाला.

आणि नोझल तोंडात धरून फुंकायचं नाही. "औषध नव्हतं, नुसतं पाणीच होतं" म्हणत फुंकणारे मी शेडमध्ये पाहिले आहेत. काल त्याच बाटलीत काय होतं हे आज कुणाच्या लक्षात राहतं?

आत काय चालतं

हे एकदा समजलं की पुढची प्रत्येक तपासणी आपोआप कळते, म्हणून जरा थांबून सांगतो.

ट्रिगर दाबला की दट्ट्या छोट्या नळकांड्यात आत सरकतो. आतल्या पाण्यावर दाब येतो. त्या दाबानं खालची झडप बंद होते. बऱ्याच डोक्यांत (डोकं म्हणजे बाटलीवर बसणारा ट्रिगरचा सगळा वरचा भाग) ही झडप म्हणजे काचेचा किंवा स्टीलचा एक छोटा छर्रा असतो. खाली जायला वाट नाही म्हटल्यावर पाणी पुढची झडप उघडून नोझलकडे जातं. ट्रिगर सोडला की स्प्रिंग दट्ट्याला मागे ढकलते, नळकांड्यात जागा होते, पुढची झडप बंद होते, छर्रा उचलला जातो आणि बाटलीतलं पाणी नळीतून वर येतं. लोक म्हणतात पंप पाणी ओढतो. खरं तर बाटलीतली हवा पाण्याला खालून वर ढकलते. पंप फक्त वर जागा करून देतो.

आता बाटलीतलं पाणी कमी होत गेलं तर तिथं हवा शिरायला पाहिजे. नाहीतर आतला दाब उतरतो आणि ढकलायला कुणी उरत नाही. म्हणून नळकांड्याच्या भिंतीत एक बारीक भोक असतं. दट्ट्या मागे असताना ते झाकलेलं असतं, त्यामुळे बाटली आडवी पडली तरी सांडत नाही. ट्रिगर दाबला की दट्ट्या पुढे सरकतो, भोक उघडं पडतं आणि बाहेरची हवा बाटलीत जाते. एवढं साधं, पण मला हे डोकं बनवणाऱ्याचं कौतुक याच भोकासाठी वाटतं.

राहिलं नोझल. त्याच्या टोपणाच्या आत एक बारीकशी खुंटी असते आणि तिच्या तोंडावर तिरक्या खाचा. पाणी त्या खाचांतून आडवं शिरतं, गरगर फिरतं आणि मधल्या भोकातून बाहेर पडताच फिरत्या वेगानं फाकतं. म्हणून फवारा छत्रीसारखा येतो. टोपण 'स्ट्रीम'वर फिरवलं की पाणी खाचा चुकवून सरळ येतं, म्हणून पिचकारी. यातली एक खाच जरी चुन्यानं भरली तर फवारा एका अंगाला जातो.

फुकटातल्या तपासण्या

नोझलचं टोपण 'ऑफ'वर आहे का बघा. हसू नका. चौकोनी टोपणावर ती अक्षरं प्लास्टिकच्याच रंगात उमटवलेली असतात, शेडच्या उजेडात दिसत नाहीत. आम्ही आता 'ऑफ'च्या बाजूला लाल नेलपॉलिशचा ठिपका लावतो. त्यानंतर माझ्या टेबलावर येणाऱ्या बाटल्या नजरेत भरण्याइतक्या कमी झाल्या. ही आयडिया माझी नव्हे, एका मावशींच्या लेकीची.

मग नळीचं टोक पाण्यात आहे का. आपण ट्रेवर मारतो तेव्हा बाटली पुढे वाकवतो, पाणी पुढच्या अंगाला जमतं. नळीचं टोक जर मागच्या अंगाला वळलेलं असेल तर बाटलीत चौथा हिस्सा पाणी असूनही नळी हवाच ओढणार. नळी धरून अशी फिरवा की तिचं वाकलेलं टोक नोझलच्या दिशेला येईल. जो वरच्या दिशेला मारतो, म्हणजे मांडवाखालून पानाच्या पाठीवर, त्यानं उलट करायचं. या एका फिरवण्यावर माझ्याकडे आलेल्या किती बाटल्या परत गेल्या असतील, मोजदाद नाही.

तिसरं, हवा काढा. एका दाबात साधारण १ मिलीच्या आसपास पाणी बाहेर येतं. २० सेंटीमीटर लांबीची, आतून ३ मिलिमीटरची नळी घेतली तर तिच्यात जेमतेम दीड मिली पाणी मावतं, नळकांड्यात आणखी मिलीभर. म्हणजे रिकामा पंप तीन-चार दाबांत भरायला हवा. हवा दाबली की आकसते, पाण्यासारखी सरळ पुढची झडप उघडत नाही, म्हणून थोडे जास्त दाब धरा. आठ-दहा दाबांत पाणी आलं नाही तर पुढे दाबत बसू नका, कुठंतरी दोष आहे. टोपण 'स्ट्रीम'वर ठेवून दाबलं तर हवा लवकर निघते. तरीही येत नसेल तर डोकं काढून नळीसकट बादलीत बुडवा आणि पाण्यातच पाच-सहा दाब मारा. सगळीकडून पाणीच असल्यावर हवा शिरणार कुठून? पाण्यात चालतं आणि बाटलीवर बसवलं की चालत नाही, असं झालं तर बाहेरून हवा शिरतेय हे नक्की झालं, आणि ती वाट पुढं नळीपाशी किंवा झडपांपाशी सापडते.

टोपण अर्धा फेरा सैल करा

ही तपासणी मला सगळ्यात आवडते, कारण दोन सेकंदांत निकाल लागतो. बाटलीचे गाल आत बसलेत, फवारा मंदावलाय. डोकं बाटलीवर बसवणारं आट्याचं टोपण अर्धा फेरा सैल करा. 'हुश्श' आवाज आला, गाल बाहेर आले आणि फवारा परत जोरात सुरू झाला, तर दोष हवेच्या भोकाचा.

हे भोक चोंदतं कशानं? आमच्याकडे दोनच गुन्हेगार. एक जीवामृत (शेण-गोमूत्राचं द्रावण) किंवा दशपर्णी (झाडपाल्याचा अर्क) नीट न गाळता भरलेलं. दुसरं निंबोळी तेलाचं द्रावण, जे वाळलं की चिकट होतं आणि त्यावर शेडमधली धूळ बसते. कोमट साबणाच्या पाण्यात डोकं तासभर उलटं बुडवून ठेवा, अधूनमधून ट्रिगर दाबा. भोक शोधून त्यात टाचणी घालायच्या भानगडीत पडू नका. टाचणी दट्ट्याच्या कडेला ओरखडा पाडते आणि मग बाटली आडवी केली की गळायला लागते.

टोपण सैल ठेवूनच वापरणारे लोकही आहेत. त्या दिवसापुरतं भागतं, पण बाटली वाकवली की औषध हातावर.

वायसर आणि आटे

आट्याच्या टोपणाच्या आत पातळ वायसर असतो, कधी रबराचा, कधी फोमचा. तो दुमडला असेल, हरवला असेल किंवा फुगला असेल तर ओघळ येतो. तेलानं काही जातींचं रबर फुगतं. बेदाणा करणारी मंडळी द्राक्षं बुडवायला डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटचं पाणी हाताळतात, तासगावकडच्या माझ्या पाहुण्यांनी एकदा तसलंच उरलेलं द्रावण घरच्या स्प्रे बाटलीत भरलं होतं. महिन्याभरात वायसर भज्यासारखा फुगून बाहेर आला. नवा वायसर सायकलच्या जुन्या ट्यूबमधून कापता येतो, पाण्याच्या बाटलीला तो पुरतो. तेलकट द्रावणाला मात्र तोही फुगेल.

आट्यांचा घोळ वेगळा. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच डोक्यांचं आणि बाटल्यांचं तोंड २८ मिलिमीटरचंच असतं, पण आट्यांची उंची सारखी नसते. ४००, ४१० आणि ४१५ अशा तीन जाती आहेत. पहिलीला साधारण एक फेरा, दुसरीला दीड, तिसरीला दोन. एका जातीचं डोकं दुसऱ्या जातीच्या बाटलीवर चढतं, बसल्यासारखं वाटतं, पण वायसर दाबला जात नाही. बाटली आणि डोकं वेगवेगळ्या ठिकाणची असतील आणि गळत असेल, तर वायसर बदलत बसू नका, जोडी बदला.

इथंच एक सांगून टाकतो. थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीवर स्प्रेचं डोकं बसवून त्यात औषध ठेवू नका. डोकं काढलं की ती परत पिण्याचीच बाटली दिसते, आणि लहान पोराला फरक कळत नाही.

नळी

डोकं काढून नळी खाली ओढा, ती नुसती दाबून बसवलेली असते. वरचं टोक सैल पडलं असेल तर तिथून हवा शिरते. त्या टोकाचा अर्धा सेंटीमीटर कापून टाका आणि कोरी कड घट्ट आत दाबा. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. नळी आखूड पडत असेल तर नवी घ्या.

चीर शोधायची तर नळी उजेडापुढे धरून वाकवा. चीर सहसा वरच्या तिसऱ्या भागात सापडते, कारण ट्रेवर मारताना नळी तिथंच सारखी वाकते. भरलेली बाटली चालते आणि अर्धी झाली की थुंकते, याचं कारण हेच. पाणी चिरेच्या वर आहे तोवर चिरेतूनही पाणीच येतं, पातळी खाली गेली की हवा.

आणि नळीचं खालचं टोक तिरकं कापलेलं पाहिजे. सरळ कापलेली, जरा लांब नळी बाटलीच्या तळावर तोंड टेकून बसते आणि स्वतःचंच तोंड बंद करते. ट्रिगर परत यायला रेंगाळतो ते बऱ्याचदा यामुळं. सलाईनची नळी बसवून बघा म्हणून कुणी सुचवेल. मी बसवली आहे. फार मऊ असते, ओढ बसली की चपटी होते.

नोझल

आमच्या भागाचं पाणी वाळवा, पलूस, मिरज तालुक्यांतल्या कुठल्याही नदीकाठच्या गावाला विचारा. कृष्णेच्या काठची क्षारपड जमीन सगळ्यांना माहीत आहे, तिथल्या बोअरचं पाणी वाळलं की मागे पांढरं उरतं. त्यात बोर्डो मिश्रण. बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना, दोन्ही मिळून त्या खाचांत असं घट्ट बसतं की नखानंही निघत नाही.

टोपण फिरवून किंवा सरळ पुढे ओढून काढा. काही डोक्यांत ते काढायचं नसतंच. ओढून बघा, हालत नसेल तर जबरदस्ती नको, सगळं डोकंच बुडवा. खाली स्टीलचं ताट ठेवा, कारण आतली खुंटी पडली तर कोकोपीटमध्ये सापडत नाही. मी दोन घालवल्यात.

कोमट पाण्यात एक चमचा लिंबूसत्व किंवा अर्धी वाटी व्हिनेगर घाला आणि टोपण रात्रभर ठेवा. पांढरे क्षार विरघळतात, बुडबुडे येताना दिसतात. सकाळी जुन्या टूथब्रशनं घासा. भोकासाठी ब्रशचाच एखादा ताठ केस घ्या. सुई, टाचणी, ब्लेडचं टोक काही नाही. भोक एकदा मोठं झालं किंवा त्याची गोलाई गेली की फवारा कधीच पहिल्यासारखा होत नाही, मोठे थेंब पडतात आणि कोवळं रोप आडवं होतं.

एक इशारा, आणि हा खराच महत्त्वाचा. त्या बाटलीत कधीही ब्लीच किंवा ट्रे निर्जंतुक करायचं क्लोरीनचं पाणी भरलं असेल, तर आधी साध्या पाण्यानं भरपूर धुवा आणि दुसऱ्या दिवशी लिंबूसत्व वापरा. ब्लीच आणि आंबट एकत्र आलं की क्लोरीन वायू निघतो. बंद शेडमध्ये तो जिवावर बेततो.

झडपा

इथपर्यंत येऊनही चालत नसेल तर दोष झडपांत. नळी पारदर्शक असेल तर त्यातला पाण्याचा खांब डोळ्यांनी बघा. सगळं त्यातच दिसतं.

ट्रिगर दाबल्यावर नळीतलं पाणी खाली जातंय? म्हणजे छर्रा जागेवर बसत नाही, दाबलेलं पाणी पुढं जायच्या ऐवजी परत बाटलीत. छऱ्याखाली कचऱ्याचा एक कण पुरतो.

ट्रिगर सोडल्यावर पाणी वर चढतच नाही? मग मोजा घातलेलं बोट नोझलवर धरा. दाबताना बोट काढायचं, सोडताना ठेवायचं. असं चार वेळा केल्यावर पाणी चढायला लागलं तर पुढची झडप गळतेय, ट्रिगर परत येताना हवा नोझलमधून आत शिरत होती. बोट ठेवूनही चढत नसेल तर हवा नळीच्या सांध्यातून किंवा दट्ट्याच्या कडेनं शिरतेय, नाहीतर छर्रा चिकटून बसलाय. छर्रा चिकटला असेल तर ट्रिगर परत यायलाही जड जातो.

चिकटलेल्या छऱ्यासाठी डोकं तळहातावर चार वेळा आपटा. खुळ्यासारखं वाटतं, पण बरेचदा तेवढ्यावर सुटतो. नाही सुटला तर नळी काढून डोकं कोमट साबणाच्या पाण्यात रात्रभर, आणि सकाळी पाण्यातच पन्नासेक दाब. उकळतं पाणी नको. झडपेची पातळ जीभ आणि दट्ट्याची कड दोन्ही प्लास्टिकच्या असतात, एकदा वाकडी झाली की संपलं.

काही डोक्यांत नळीची बैठक ओढली की छर्रा मोकळा होतो. काढायचा तर ताटावर, आणि परत घालताना आधी छर्रा मग बैठक. मागे मी एक डोकं मोठ्या मन लावून धुतलं, जोडलं आणि अर्धा तास दाबत बसलो. छर्रा ताटातच होता.

स्प्रिंग आणि दट्ट्या

हे शेवटी, कारण इथं हात घालणं सहसा परवडत नाही. ट्रिगर परत येत नसेल आणि नळी, छर्रा ठीक असेल तर स्प्रिंग गंजली किंवा तुटली. स्वस्त डोक्यांत स्प्रिंग पाण्यातच असते. क्लोरीन आणि मोरचूद दोन्ही तिला खातात. फवाऱ्याच्या पहिल्या थेंबाला तांबूस रंग दिसला की समजा, दिवस भरत आलेत.

दट्ट्याची कड झिजलीय का हे बघायला खोलायची गरज नाही. औषधाच्या बाटलीचं मापाचं टोपण घ्या, नोझल 'स्ट्रीम'वर ठेवून साध्या पाण्याचे २० पूर्ण दाब त्यात मारा. माझ्या बाटल्या नव्या असताना साधारण २० मिली देतात. तीच बाटली १२ वर आली आणि बाकी सगळं ठीक असेल, तर दट्ट्या गेला. रोपांना पाणी मारायला ती अजून चालेल. पण औषध मोजून मारायचं असेल तर नको, कारण मावशी दाब मोजतात, मिली नाही.

पुन्हा पुन्हा का होतं

दुरुस्त केलेली बाटली पंधरा दिवसांत परत येते तेव्हा दोष बाटलीत नसतो. संध्याकाळी पाच वाजले की मावशींना घरी जायची घाई, उरलेलं द्रावण बाटलीतच राहतं, रात्रीत पावडर तळाशी बसते आणि सकाळी पहिल्याच दाबाला नळीतून थेट छऱ्याखाली जाते. पाण्यात मिसळायच्या भुकट्या, गंधक काय किंवा मॅन्कोझेब काय, विरघळत नाहीत, नुसत्या तरंगत राहतात. आता आमच्याकडे नियम आहे. शेवटचे वीस दाब साध्या पाण्याचे, आणि डोकी काढून दोरीला टांगायची. जीवामृत सुती धोतराच्या दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय भरायचं नाही. बाटल्या दिवसभर उन्हात टाकायच्या नाहीत, त्यानं ट्रिगर ठिसूळ होतो आणि बिजागरीतच मोडतो.

तणनाशकाची बाटली वेगळी, तिच्यावर काळी चिकटपट्टी, आणि ती कितीही धुतली तरी दुसऱ्या कामाला येत नाही. उसात मारायचं टू-फोर-डी टोमॅटोला आणि द्राक्षाला अगदी थोडं लागलं तरी पानं वेडीवाकडी होतात. धुऊन दुरुस्त केलेल्या बाटलीनं मी स्वतः टोमॅटोचे दोन ट्रे असे घालवलेत. बाटली छान चालत होती.

कुठं थांबायचं

नळी, वायसर, नोझल, भिजवणं, एवढं करून दुसऱ्या दिवशीही चालत नसेल तर डोकं टाकून द्या. नुसतं डोकं कृषी सेवा केंद्रात किंवा प्लास्टिकच्या दुकानात मिळतं, चहा-वड्याच्या पैशात. ट्रिगरच मोडला, नळकांड्याला तडा गेला, किंवा स्प्रिंग गेली तर भिजवण्यातही वेळ घालवू नका. फेव्हिक्विकनं चिकटवलेला ट्रिगर दोन दिवस टिकतो, मोडतो तेव्हा बोट कापतं.

हवा भरायच्या दोन लिटरच्या बाटलीला हे सगळं जसंच्या तसं लावू नका. तिच्यात दाब साठलेला असतो. आधी सुरक्षा झडप ओढून दाब उतरवा. झडप ओढूनही हवा सुटत नसेल किंवा टाकीला चीर दिसत असेल, तर ती खोलायची नाही, विकणाऱ्याकडे न्या. पाठीवरच्या पंपाची दांडी, दाबाची टाकी किंवा लान्सचा (फवारायच्या लांब दांडीचा) कॉक गळत असेल तर पंप दुरुस्तीवाला गाठा. पाठीवर औषध गळत असताना "आजचा दिवस काढू" हे चालत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, ते आपण पेपरात वाचलंय.

औषध डोळ्यात उडालं तर पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्यानं धुवा आणि डॉक्टर गाठा. अंगावर सांडलं तर कपडे काढून साबणानं आंघोळ. मळमळ, डोकं गरगरणं, घाम, तोंडाला लाळ सुटणं, बुबुळ बारीक होणं यातलं काहीही दिसलं तर बाटली राहू द्या तशीच, माणसाला दवाखान्यात न्या, आणि औषधाचा डबा लेबलासकट बरोबर घ्या. डॉक्टर पहिलं तेच विचारतात.

काल आलेली बाटली अजून टेबलावर आहे. ट्रिगर हलका, नळी ठीक, बोट ठेवलं की पाणी चढतं. म्हणजे पुढची झडप. साबणाच्या पाण्यात टाकलीय, सकाळी बघतो.